बाहेरच्या भिंतीचा माणूस

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही; बायकोलाही नाही. पारशिवनीकडच्या एका जुन्या हेमाडपंती देवळाच्या भिंतीतली दगडी पाचर मी काढली. आळ त्या गावच्या लहानूजींवर आला, आणि मी गप्प बसलो.

लहानूजींना दगडावर बोटाच्या पेरांनी टकटक करायची सवय होती. मजुरीला जाता-येता देवळाशी थांबायचे, भिंत ठोकायचे, कान लावायचे. एकोणीसशे सत्तरच्या आसपास आमच्या नागपूरच्या पुरातत्त्व कचेरीनं मला त्या देवळाचा नकाशा काढायला पाठवलं, तेव्हा माहिती देणारे तेच भेटले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आतलं मले काही इचारू नका साहेब, बाहेरचं इचारा. माह्या बापाले, आज्याले आत येऊ देत नव्हते. आता आम्ही बौद्ध झालो, तं मीच जात नाही. पण बाहेरून पाहाले कोणाची मनाई?"

तीन पिढ्यांनी ती भिंत बाहेरून पाहिली होती. पुजाऱ्याला ठाऊक नव्हतं ते लहानूजींना ठाऊक. जोत्यावर हत्तींची रांग आहे, त्यात एकच हत्ती उलट तोंडाचा. "त्या कारागिराचं मुकादमाशी भांडण झालं असन," ते सांगायचे. "म्हणे, घे गा, तुह्या हत्तीचं ढुंगण पाह्य!" आणि स्वतःच खोकला येईपर्यंत हसायचे.

उत्तरेच्या कोपऱ्यात दोन मोठ्या दगडांमध्ये विटेएवढी पाचर होती. तिच्यावर पाखराच्या पायासारखी खूण, घडवणाऱ्याची. "हात लावा, पण हालवू नका," ते म्हणाले. "चुना नाही इथं. सारे एकमेकाच्या भरवशावर उभे आहेत."

मी त्यांना पाणी आणायला पाठवलं. कचेरीतल्या माझ्या साहेबांना ती खूण दाखवून शाबासकी मिळवायची होती. दुधाचा दात निघावा तशी पाचर हातात आली. पिशवीत टाकली. भिंत तर हललीही नाही. साहेबांना दाखवायची पुढे हिंमत झाली नाही. कचेरीत नकाशा शाईनं पक्का करताना मी ती पाचर भिंतीतच असल्यासारखी जागच्या जागी रेखाटली. कागद उडू नये म्हणून वर तीच ठेवली होती.

दुसऱ्या पावसाळ्यात तो कोपरा ढासळला. पाहणीला मलाच पाठवलं. पारावर गाव जमलं होतं. पाटील ओरडत होते, "गुप्तधनासाठी यानंच खणलं! नाही तं रोज दगड ठोकून काहून पाहत होता?"

मला पाहून लहानूजींना धीर आला. "साहेबानं नक्शा काढला आहे. सांगा साहेब, ती पाचर तवा होती का नव्हती? तुमी गेले त्याच सांजेपासून मले दिसली नाही."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "नकाशात आहे. म्हणजे मी निघालो तेव्हा होती."

लहानूजी म्हणाले, "नक्शा खरा, म्हणजे मी खोटा. असंच ना, साहेब?"

मी नकाशाची गुंडाळी करत राहिलो.

गावात त्यांना कोणी कामावर बोलवेना. ते हिंगण्याला एका कारखान्यात पहारेकरी झाले. सात-आठ वर्षांनी धीर करून मी फाटकाशी गेलो, तर लहानूजी वारले होते. दुसरा पहारेकरी म्हणाला, "अजब माणूस होता. येता-जाता कंपाउंडची भिंत ठोकून पाहे."

पाचर माझ्या कपाटात आहे. ती त्या गावी नेऊन, त्याच पारावर उभं राहून, लहानूजींनी नाही, मी काढली, एवढं सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.