कमलचं बसकर

"खाली बस. थोरले समोर आहेत," असं मी कमलला भर ग्रामसभेत म्हणाले. ती सरपंच झाल्यानंतरची ती पहिलीच सभा. ती नुकती कुठे खुर्चीवर टेकली होती. हातात कागद होता, विहिरीला कठडा बांधण्याचा. थोरले म्हणजे माझा नवरा, तिचा मोठा दीर. तिने माझ्याकडे बघितलं, पदर डोक्यावर ओढला आणि उठून भिंतीशी बायकांत येऊन बसली. खुर्चीवर तिचा नवरा बसला. कागद तिच्या हातातच राहिला.

कमल माझी धाकटी जाऊ. महिन्यापूर्वी नाशिकच्या दवाखान्यात वारली. दहाव्याला आलेली माणसं म्हणत होती, दोघी जावा बहिणींसारख्या राहिल्या. मी पत्रावळी मांडत राहिले. आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिरासमोर उंचावर बसत नाही. ते आले की कमल घरात बाजेवरून उठायची. घरातली रीत मी पंचायतीत नेली. रीतीसाठी बोलले, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली तेव्हा घरात आधी माझं नाव निघालं होतं. मग मी चौथी शिकलेली आणि कमल सातवी, म्हणून फॉर्म तिचा भरला. ते मला सहन झालं नाही, एवढंच.

त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी कमल ओसरीवर जुनी लुगडी घेऊन बसकर शिवत होती.

"हे कशाला?"

"फरशी गार लागती आक्का. पाच वर्षं बसायचं हाय."

"राग आला का गं?"

"राग कशाचा? त्या खुर्चीचा एक पाय मोडकाच हाय. पडले असते तर सगळ्यात आधी तुम्हीच हसला असता."

ते खरंच होतं.

पुढे ती बसकरावरून हळू बोलायची आणि नवरा खुर्चीवरून मोठ्याने सांगायचा. सांगताना निम्मं गळायचं. कठडा पाचव्या वर्षी झाला. तोवर पाणी शेंदताना बायका एकमेकींचा पदर धरून उभ्या राहायच्या. त्यात मीही असायचे. माझा पदर बहुतेक वेळा कमलच धरायची.

तिच्यानंतर दोन बायका सरपंच झाल्या. दोघी आमच्या घरातल्या नाहीत, समोर त्यांचा कुणी दीरही नाही. तरी शिपाई भिंतीशी कमलचं बसकर पसरायचा. "बाई सरपंच इथं बसतात. आपल्या गावची रीतच हाय," म्हणायचा. ती रीत नव्हती. ते माझं एक वाक्य होतं.

गेल्या आठवड्यात मी सभेला गेले आणि बसकर उचललं. म्हटलं, हे घरी नेते.

शिपाई म्हणाला, "मग सरपंचबाई कशावर बसतील?"

"खुर्चीवर."

त्या दोघींतली दुसरी, आताची सरपंच, तिशीची, सुनेच्या वयाची पोर. तिने खुर्चीकडे बघितलं, समोर बसलेल्या पुरुषांकडे बघितलं. "न्या आजी," म्हणाली. "मी अशीच बसते." आणि गार फरशीवर बसली. दोनदा सांगितलं, उठली नाही.

मी बसकर परत तिच्याकडे सरकवलं. एका कडेला कमलच्या हिरव्या लुगड्याचा काठ आहे, बसून बसून पांढरा पडलेला. वाक्य माझं होतं, पण या बसकरावर पाच वर्षं कमलने काढली. मी नाही.