माल्लम इद्रिस गेले, रोह्यात कुणाला सांगू?

माझे गुरू गेले. रोह्यात त्यांना ओळखणारा मी एकटाच.

माल्लम इद्रिस. माल्लम म्हणजे उस्ताद. मोरोक्कोतल्या साफी गावचे कुंभार.

कंपनीने मला इथल्या धाटावच्या प्लांटमधून दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. शिफ्ट संपली की रूमवर बसून डोकं फिरायची वेळ यायची.
शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या वर्कशॉपमध्ये नाव घातलं.

आमचं घर हमरापूरचं, बापजाद्यांपासून गणपती करणारं. मी त्या कारखान्यातून पळून नोकरी धरली, आणि मातीकाम शिकायला गेलो कुठे, तर आफ्रिकेत!
धाकटा भाऊ जनू अजून टोमणा मारतो, "दादा, घरच्या मातीला काय वास येत व्हता काय?"

माल्लम खड्ड्यात बसत. पायाने खालचं चाक फिरवायचं, वर हातांनी भांडं उचलायचं.
माझे हात चालले की पाय थांबायचे, पाय चालले की हात. ते माझी मनगटं धरून बसत.

महिन्याभराने एक वाडगा जमला.
वाळवला. पॉलिश पेपरने घासला. रंगवला. झाला!
ऐटीत त्यात पाणी ओतलं आणि प्यायला उचलला.

बूड विरघळून माझ्या पँटवर.

भट्टीत भाजायचाच राहिला होता. हमरापूरचा हात, वाळवून रंगवलं की काम संपलं.

सगळे हसले. माल्लम नाही हसले. त्यांची मुलगी झहरा, तिला थोडं इंग्लिश यायचं. तिला त्यांनी विचारायला लावलं, "तुमच्या गावाला भट्टी नाही?"
"नाही. आमच्या मूर्ती कच्च्याच असतात. पाण्यात विरघळाव्यात म्हणूनच करतो."
"मग तुमच्याकडे उरतं काय?"
"काही नाही. पुढच्या वर्षी परत करतो."

ते उठून माझ्याजवळ आले. मग माझ्या पँटवरचा चिखल खरवडून घेतला, मळला आणि माझ्या हातात ठेवला.
त्या परमुलखात मला इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं.

आज सकाळी झहराचा मेसेज आला. बाबा गेले. दफनही झालं.

जनूला फोन केला.
"कोण गेला?"
"माझा गुरू."
"तुला गुरू कवा व्हता रे दादा? बरं, आता कलरवाले थांबलेत. सांजला बोलतो."
सांजला फोन आला नाही. त्याचा दोष नाही, गणपतीचा सीझन आहे.

बायको गेल्यापासून रोह्याजवळ वरसेच्या घरात मी एकटा. खाली सोसायटीत दोघं भेटले. त्यांना काय सांगणार? पावसापाण्याचं बोललो आणि वर आलो.

मग झहरालाच कॉल केला. मागे घरभर माणसांचा आवाज. तीन दिवस लोक येतात म्हणाली, जेवण घेऊन येतात.
मग म्हणाली, "तुमच्याकडे आहे ना कुणी, सोबत बसायला?"

मी खोटं बोललो. म्हटलं, हो, घर भरलंय.

म्हणून हे इथे टाकतोय. वाचलंत तर खाली फक्त तुमचं नाव लिहा. लाईक नको, हात जोडलेले इमोजी नकोत.
उद्या तिला सांगेन, एवढी माणसं येऊन गेली.

माल्लम, तुमच्या रोह्याच्या शिष्याचा शेवटचा नमस्कार.