कांबळेकाकांचा ब्रेक

कांबळेकाका ब्रेक मारताना मागचा आरसा बघत नसत. रस्त्याकडेचं फूल बघत. गुंटूरच्या रस्त्यावर मिर्यालगुड्याच्या अलीकडे एकदा मागच्या लॉरीवाल्याने आमच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला, तेलुगूत आणि दखनीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं राहायला नको. काका शांतपणे उतरले आणि तरवडाच्या पिवळ्याधमक झुडपाकडे बोट दाखवून म्हणाले, "गुस्सा नक्को भाई. देखो तो, कित्ता फूल्या है." लॉरीवाल्याने खरंच बघितलं. चिडलेली फक्त मी राहिले.

स्पष्ट सांगते, त्या दिवसांत मला कशाचीही चीड यायची. विद्यानगरात आमचा पाचजणांचा गट होता आणि आम्ही पत्रकं काढायचो. तलाव बुजवला, काढ पत्रक. झाड तोडलं, काढ पत्रक. काका अंबरपेठेत राहायचे. मूळचे नांदेडकडचे, बाबांचे मित्र, टेलिफोन खात्यातून निवृत्त. नोकरीत असताना त्यांनी गुंटूरकडच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं तारा ओढल्या होत्या. आता जुनी पांढरी गाडी काढून दर दोन-तीन महिन्यांनी तिकडे जायचे, बऱ्याचदा मलाही घेऊन. "आपल्या शहराला समुद्र नाही," ते म्हणायचे, "म्हणून काय त्याच्याशी बोलणं टाकायचं?"

गाडीत त्यांचा एकच कायदा होता. फूल किंवा पाखरू दिसलं आणि नाव सांगता आलं नाही, तर ज्याला ते पहिल्यांदा दिसलं त्याने उतरायचं आणि तिथल्या माणसाला नाव विचारून यायचं. फोनमध्ये बघायचं नाही. यामुळे मी मिठागरावर काम करणाऱ्या बाईला शेकाट्याचं नाव विचारलंय, आणि लाल पायांच्या त्या काटकुळ्या पक्ष्यापेक्षा तिने मलाच जास्त निरखून बघितलंय.

माझी पत्रकं ते वाचायचे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "लीडर, ह्यात चौदा जागी ओरडलीस. झाड एक बी दिसंना गेलं."

मला राग आला. दाखवतेच, म्हटलं. गटाने ठरवलं, किनारा साफ करायचा. बापटल्याच्या पुढे कोळ्यांची एक छोटी वस्ती आहे. काकांच्या गाडीतून चौघं गेलो. वाटेत काका सहा वेळा थांबले. मी प्रत्येक वेळी निषेध नोंदवला. पोचल्या पोचल्या काका दुर्बीण घेऊन एका पांढऱ्या पोटाच्या गरुडामागे खाडीकडे निघून गेले आणि आम्ही कामाला लागलो.

झोपड्यांसमोर वाळूचा लांबलचक उंचवटा होता. त्यावर एक वेल माजली होती, आणि वेलीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या. एकेक पिशवी सोडवत बसायला कुणाला वेळ होता? आम्ही वेलीसकट उपटलं. दोन तासांत उंचवटा आरशासारखा लख्ख केला. आधीचा फोटो, नंतरचा फोटो. शहरातल्या सगळ्या ग्रुपवर टाकले. वाहवा सुरू झाली.

तेवढ्यात समोरच्या झोपडीतून मंगम्मा बाहेर आली. मासे वाळवणारी, साठीची बाई. तिने ढीग बघितला, आम्हाला बघितलं आणि तेलुगूत काहीतरी इतकं हळू बोलली की आभार मानतेय असं समजून आम्ही हसून नमस्कार केला. काका परत आले, तेव्हा तिने तेच त्यांना सांगितलं. काका ढिगाजवळ उकिडवे बसले. बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं त्यांनी हातात घेतली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणती, ही पोरं कुणाच्या घरची झाडलोट करायला आली? वाळू धरून ठेवणारी वेल काढली. आता वारा सुटला की वाळू हिच्या भाताच्या पातेल्यात."

"आम्हाला काय माहीत? वेल तर जंगली होती."

"नाव विचारलंस का कुणाला?"

त्यांनी तेवढंच विचारलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "मर्यादवेल म्हणतात आपल्याकडं. चल, पेर पेर बघून तोड. तुकड्याला दोन डोळे पाहिजेत. आडवं पुर, टोक वर ठेव." संध्याकाळपर्यंत आम्ही तुकडे पुरत होतो. मंगम्मा काठी घेऊन उभी. हातपंपावरून घागरी आम्हीच आणायच्या, हा तिचा हुकूम. मला ती "पत्रिका अम्मायी" म्हणू लागली होती, पत्रकवाली पोरगी. निघताना तिने माझं मनगट धरलं. "पुढच्या वर्षी येऊन बघ. पळून जाऊ नको." "येते," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर फोन वाजतच होता. लोक आमच्या फोटोंना टाळ्या देत होते.

"काढून टाकू का फोटो?" मी विचारलं.

"नक्को. त्याच्याखाली लिही, आमचं चुकलं. तसलं पत्रक कुणी काढत नाही. तू काढ."

काढलं. आमच्या गटातल्या दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काकांनी ते दोनदा वाचलं. "आता झाड दिसायलं," म्हणाले. मी त्यात एकदाही ओरडले नव्हते.

त्या हिवाळ्यात काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. मुलीने त्यांना नांदेडला नेलं. गाडी बेगम बाजारातल्या एका मसालेवाल्याने घेतली. आता तिच्यात मिरच्यांची पोती फिरतात. निरोपाच्या दिवशी काकांनी बोनेटवर थाप मारली आणि मला म्हणाले, "मंगम्माला शब्द दिलास ना? जा. पण अकराच्या आत पोच. फूल दुपारी मिटतंय."

वर्ष झाल्यावर मी भाड्याची गाडी घेऊन पहाटे चारला निघाले. बरोबर एक मैत्रीण होती. वर्षभर डोक्यात एकच विचार होता: वेल रुजली नसेल, तर मंगम्माला तोंड कसं दाखवायचं?

पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. उंचवटा हिरवा होता. सगळा नाही, एका टोकाला अजून उघडी वाळू. पण मंगम्माच्या दारासमोर वेलीने पाय पसरले होते, आणि ती वेलीच्या अलीकडे पाटावर मासे पसरत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? आता पंपावर जा. त्या टोकाला पाणी कोण घालणार?"

दोन घागरी ओतून मी नांदेडला फोन लावला.

"रुजली का?" काकांनी हॅलोही म्हटलं नाही.

"रुजली. मंगम्माच्या पातेल्यात वाळू नाही."

"फूल? जांभळं असतंय. बघितलंस का?"

"मिटलं होतं, काका. पहाटे चारला निघाले, तरी उशीर झाला."

"चारला निघालीस म्हणतीस. मग उशीर कशानं?"

मी सांगितलं. नार्कटपल्लीजवळ तारेवर नीलपंख होता. पुढे तरवड. मग पाण्यात चित्रबलाकांचा अख्खा थवा. आणि गुंटूरच्या पुढे एक पांढरं फूल, त्याचं नाव विचारायला मी शेतात एका म्हाताऱ्याकडे गेले, तर त्याने आधी मला ताक प्यायला बसवलं.



"मागं लॉरी होती का?" काकांनी विचारलं.

"होती."

"शिव्या दिल्या?"

"तीन पिढ्यांना."

"मग ठीकै," काका म्हणाले. "फूल उद्या सकाळी बघ. आज मुक्काम कर तिथंच."