नर्सकाकूंचा अंगठा

नर्सकाकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी चहाला नको म्हणत आणि मग गरोदर बाईचा पाय मागत. नडगीवर अंगठा दाबून धरायच्या, उचलायच्या आणि खळगा भरून येतो की सुजेने तसाच राहतो ते बघत बसायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी सवय गेली नव्हती. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांचे नवे फ्लॅट, नवे रंगीत टीव्ही. सुना त्यांना बघून दार लोटून घ्यायच्या. मीही नावं ठेवायची.

माझी सुनंदा सातव्या महिन्यात माहेरी आली. अंगाने भरली होती, मला बरं वाटलं. डोहाळजेवण मांडलं, करोल बागेतून हिरव्या बांगड्या आणल्या. त्या हातात जाईनात. साबण लावून चढवल्या. "माहेरचं पाणी मानवलं," मी म्हटलं आणि सगळ्या हसल्या.

नर्सकाकू हसल्या नाहीत. "डोकं दुखतं का गं?"

"कालपासून, काकू. डोळ्यांपुढे काजवे पण चमकतात."

त्यांनी अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. घरून रक्तदाबाचं यंत्र आणून दोनदा पट्टा बांधला. "टॅक्सी बोलवा."

"अहो, पानं वाढलीत."

"वहिनी, बाळाला पोसणारी वार नीट काम करत नाहीये. बाळाला रक्त पुरत नाही आणि तिथला बिघाड हिच्या रक्तात उतरतोय. नसांना आतून गंज चढल्यासारखं होतं, त्या आवळतात. पुढे झटके येतात."

मला फक्त झटके कळले.

यमुनेच्या पुलावर सुनंदाची बोटं निळी पडली. काकूंनी तिच्या मनगटाला रुमाल गुंडाळला आणि एकेक बांगडी फोडायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "सवाष्ण आहे ती."

"मुलगी राहिली तर परत भरा. सोडा."

मी सोडला. काचा पदरात गोळा करत राहिले.

त्याच दुपारी पोट फाडून नात काढली. ओंजळभर होती. दोघी जगल्या.

पुढे काकू नोएडाला नव्या घरी गेल्या, तिथेच वारल्या. मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. ते त्यांच्या तेराव्याला सुचलं.

आता ती नात गरोदर आहे. आली की मी तिचा पाय मागते. "आजी, डॉक्टर बघतात ना यार," ती म्हणते, पण पाय पुढे करते. मी नडगीवर अंगठा दाबते. मग तो उचलायची भीती वाटते.