ट्यूबवरची ओळ

मेडिकलच्या काचेवर क्रीमची जाहिरात आहे. त्यातली बाई स्वतःच्याच गालाला हात लावून हसते आहे. पुरुषांच्या जाहिरातीत कुणाची कातडी फुटत नाही. ते डोंगर चढतात, गाड्या पळवतात.

मागच्या थंडीत बाबांनी इथेच त्या क्रीमची ट्यूब उचलली होती. त्यांच्या टाचांच्या भेगांतून रक्त यायचं.

"बघ गं, काय लिहिलंय? तुझं इंग्लिश कामाला येऊ दे."

"खास स्त्रियांच्या नाजूक त्वचेसाठी," मी वाचून सांगितलं.

"हात्तिच्या! आईला घे मग," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

बाबांच्या टाचा अजून चादरीत खरखरत अडकतात. तो आवाज आला की वाटतं, वाचताना तेवढी एक ओळ मी गाळू शकले असते.