तो खांब पडलाच नव्हता

शाळेत प्रार्थना चालू होती तेव्हा दादाचा फोन आला. मलकापूरला मी शिकवते त्या शाळेला लागूनच रेल्वेलाइन आहे. नेमकी त्याच वेळी मालगाडी धडधडत चालली होती, त्यामुळे मला एवढंच ऐकू आलं, "मंदा गेली." मी कानावर हात ठेवून ओरडून विचारलं, "कुठी गेली?" कारण आमची मंदावैनी कायम कुठेतरी गेलेलीच असायची. कधी दौऱ्यावर, कधी लसीकरणाच्या कॅम्पवर, नाहीतर कोणाच्या तरी तक्रारीसाठी बुलढाण्याला. मालगाडीचे डबे संपले, पोरांची प्रार्थनाही संपली, आणि त्या शांततेत मला दादाचं रडणं ऐकू आलं... वैनीच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सारं आटोपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

त्याला आता काही आठवडे झाले. लोक अजून भेटायला येतात. मी डोळ्याला पदर लावून बोलायला सुरुवात करते आणि थोड्याच वेळात माझा आवाज चढतो, हातवारे सुरू होतात, आणि मी त्या मैदानावरच्या दिवसाची गोष्ट सांगत असते. समोरचा माणूस चक्रावतो. दुखवट्याच्या घरात ही बाई एवढी रंगात कशी आली? पण माझा इलाज नाही. वैनी आठवली की माझ्या अंगात असंच वारं भरतं.

वैनी लोणारकडची. तिच्या माहेरी ट्रॅक्टर होता आणि भाऊ नव्हता, त्यामुळे लग्नाआधीच तिनं स्टिअरिंग धरलेलं. आमचं गाव खामगावजवळ, घरचा धंदा भाजीपाल्याचा. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी पिकअपमध्ये भरून दादा पहाटे मार्केटला न्यायचा. एकदा तो विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरला आणि त्याचा हात प्लास्टरमध्ये गेला. भाड्यानं सांगितलेला ड्रायव्हर आलाच नाही. माल भरून तयार, सांभार सुकायला लागलेला, आणि दादा अंगणात येरझारा घालतोय. वैनीनं चुलीपुढून उठून हात पुढे केला. "चाबी द्या."

"तुले जमन काय? पिकअप हाय ते," दादा म्हणाला.

"मायरी ट्रॅक्टर चालवत होतो मी. हे तं त्याचं लेकरू हाय."

त्या दिवशी भाजीमार्केटात हर्रास थांबला म्हणे! दलाल, हमाल, गिऱ्हाईक सगळे उभे राहून पाहत होते, ही बाई गर्दीतून पिकअप उलटी घेत बरोबर ओट्याला कशी लावते ते. दादाचा हात बरा झाला, पण चाबी काही त्याला परत मिळाली नाही. वैनीनं रीतसर लायसन काढलं, पुढे प्रवासी गाडीचा बॅजही काढला, आणि तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी ड्रायव्हर म्हणून लागली. खाकी कुडता शिवून घेतला तेव्हा तिनं मला मुद्दाम मलकापूरहून बोलावून घेतलं होतं. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "संध्या, मी साहेब दिसतो का ड्रायव्हर?" मी म्हटलं, "दोन्ही!"

तिथल्या साहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पाहुणे आणायला दवाखान्याचीच गाडी, आणि गाडीवर वैनी. कंत्राटी माणूस नाही म्हणणार कुठून? ती लग्नमंडपाबाहेर गाडी लावून बसली होती, तेवढ्यात उपकेंद्राच्या नर्सबाईंचा फोन आला. एका गावात बाळंतीण अडली होती, गाडी हवी होती. वैनी मंडपात गेली आणि साहेबांना सांगितलं. साहेब पंगतीत वाढत होते. "पाहुण्यांचं जेवण होऊ दे, मग पाहू," म्हणाले. वैनी "हाव" म्हणाली, बाहेर आली, गाडी सुरू केली आणि निघून गेली. वऱ्हाड मंडपात आणि गाडी बाळंतिणीच्या दारात! ती बाई वेळेवर दवाखान्यात पोचली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. इकडे पाहुणे ऑटो शोधत हिंडले.

दुसऱ्या दिवशी वैनीच्या हातात नोटीस पडली. परवानगीशिवाय गाडी नेली, म्हणून. तेव्हा ती चिडली. नोटिशीला उत्तर तर तिनं दिलंच, वर गाडी लग्नाला कशी नेली याची तक्रार जिल्ह्याला केली. नर्सबाईंनी जबाब दिला. साहेबांना समज देण्यात आली, एवढंच झालं. पण त्यानंतर वैनीचं कंत्राट संपलं ते पुन्हा वाढवलं नाही. ती घरी आली, खाकी कुडता धुऊन घडी घालून ठेवला आणि पुन्हा पिकअपवर मेथी भरायला लागली.

पुढल्या वर्षी त्याच खात्यात कायम वाहनचालकांच्या जागा निघाल्या. वैनीनं अर्ज केला. माझ्याकडे मलकापूरला येऊन राहिली, माझ्या शाळेतल्या पोरांच्या पुस्तकांवरून गणितं सोडवायची, पोळ्या लाटता लाटता मला प्रश्न विचारायला लावायची. लेखी परीक्षेत चांगले गुण पडले. राहिली ती गाडी चालवायची चाचणी. ती तर तिच्या हातचा मळ! पण मैदानावर पोचली तर समितीच्या खुर्च्यांमध्ये कोण बसलेलं? तेच साहेब. बढती घेऊन जिल्ह्याला आलेले.

आठचा आकडा तिनं झोकात काढला. मग दोन बांबूंच्या खांबांमधून गाडी मागे घेऊन उभी करायची होती. तीही केली. ती उतरताना साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आठवड्याभरानं निकाल लागला: अपात्र. कारण, गाडी मागे घेताना खांब पाडला.

"खांब पडलाच नाई!" वैनी घरभर फिरत एवढंच म्हणत होती. दादा म्हणाला, "जाऊ दे. आपला भाजीपाला काय वाईट हाय? त्याहिच्या नादी नोको लागू." मी मात्र त्या दिवशी पेटले होते. आम्ही दोघींनी बसून तक्रार लिहिली. वैनीच्या नावानं लिहिलेला मुद्दा साधा होता: मी पूर्वी यांच्याविरुद्ध खरं बोलले, म्हणून हेच साहेब आज मला नोकरीपासून तोडतायत. ज्यांच्याविरुद्ध मी तक्रार केली, त्यांनीच माझी परीक्षा कशी घेतली?

सुनावणी बुलढाण्याला झाली. मीही सोबत गेले होते. वरिष्ठ अधिकारी एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "खांब पडला नाही, याला पुरावा काय?" मैदानावर तेव्हा होते ते सगळे उमेदवारच. ती नापास झाली तर त्यातल्याच कोणाची तरी जागा पक्की होणार होती. तिच्यासाठी कोण बोलणार? तेवढ्यात दारातून आवाज आला, "मॅडम, मी सांगतो." विलास नावाचा एक तरुण होता, सुनावणीचं कळल्यावर लोणारहून एसटीनं आलेला, घामानं शर्ट चिकटलेला. चौकशी केली तेव्हा कळलं की वैनीच्या ऐवजी यादीत ज्याचं नाव आलं होतं, तो हाच!

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "या पास झाल्या तर तुमचं नाव जाईल. कल्पना आहे ना?"

"हाव मॅडम. मी या ताईच्या मांगंच रांगेत उभा होतो. खांब पडला नाई. हाललासुद्धा नाई."

समोर बसलेले साहेब काहीतरी बोलायला उठले. बाईंनी हातानंच त्यांना बसवलं. बाहेर आल्यावर वैनीनं त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "काऊन आला रे बावा? सोताच्याच पोटावर पाय देऊन?"

तो म्हणाला, "ताई, मले तं हे नोकरी पाहिजेच होती. पण रोज गाडी मांगं घेताना तुम्हीच दिसल्या असत्या मले." वैनीनं नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि मग तो दिवस... अधिकारी बाईंनी लावलेली फेरचाचणी! नवी समिती, नवं मैदान, चाचणीचं चित्रीकरण. ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण भाजीमार्केटातले हमाल एक टेम्पो भरून आले होते. नर्सबाई आल्या होत्या. ती बाळंतीण आपल्या पोरीला कडेवर घेऊन आली होती. विलास कुंपणाला टेकून उभा होता. समितीतले एक वयस्क गृहस्थ उठले आणि त्यांनी खांब उपसून अजून थोडे जवळ रोवले. गर्दीतून आरडाओरडा झाला, "हे काय? अन्याव हाय हा!" वैनी गाडीतून उतरली. दोन्ही खांबांमधलं अंतर नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या." परत जाऊन बसली. गाडी मागे यायला लागली आणि मधेच कुठून तरी एक कुत्रं आलं, बरोबर दोन खांबांच्या मधे येऊन बसलं आणि कान खाजवायला लागलं! हसावं की रडावं? वैनीनं ब्रेक लावला. हॉर्न नाही, ओरडणं नाही. कुत्र्याचं खाजवून झालं, ते उठून गेलं, आणि मग गाडी अशी अलगद आत सरकली, जशी पोळपाटावरून तव्यावर पोळी जावी. खांब उभे ते उभेच. मग हमालांनी जो गलका केला! दादा, जो येणारच नव्हता, तो माझ्या शेजारी उभा राहून शिट्ट्या वाजवत होता. लग्नातही त्याला कधी शिट्टी वाजवताना मी पाहिलं नव्हतं.

वैनीला नोकरी लागली. साहेबांचं काय झालं म्हणाल तर फार काही झालं नाही. बदली झाली, चौकशी चालू राहिली, चालूच राहिली. विलासला पुढच्या भरतीत दुसऱ्या खात्यात जागा मिळाली. त्याच्या चाचणीच्या आधी महिनाभर वैनी दर रविवारी त्याच्याकडून आमच्या शेताच्या बांधावर पिकअप मागे घेण्याचा सराव करून घेत होती आणि वांग्याची दोन झाडं गेली की त्याला झाडत होती.

नंतर असे कितीतरी जण तिच्याकडे यायला लागले. एका मुलीनं कार्यालयात त्रास देणाऱ्याचं नाव घेतलं, तर तिचा अनुभवाचा दाखला अडवला. एकानं हजेरीतली लबाडी सांगितली, तर मुलाखतीत त्याला कोणी धड प्रश्नच विचारले नाहीत. वैनी त्यांना आधी जेवायला वाढायची. मग म्हणायची, "आता रडणं झालं. तिथी कोणकोण उभं होतं ते सांग." सगळ्यांना न्याय मिळाला असं नाही. काही जण हरले. हरलेल्यांना ती जास्त वेळा फोन करायची.

एकदा तर गंमतच झाली. मलकापूरच्या बैठकीला न्यायचे अधिकारी म्हणून तेच साहेब तिच्या गाडीत येऊन बसले! बदली होऊन परतलेले, निवृत्तीला आलेले, केस पिकलेले. उतरताना दार धरून म्हणाले, "गाडी चांगली चालवता." वैनी म्हणाली, "हे त्या दिवशी लिहाचं राह्यलं होतं, साहेब." हे सांगायला ती बैठकीच्या जागेवरून थेट माझ्या शाळेत आली होती, आणि आम्ही दोघी स्टाफरूममध्ये पोट धरधरून हसलो होतो. साहेब हसले का, असं मी विचारलं. "हसले नाई. पण मान डोलावली," ती म्हणाली.

परवा दादाकडे गेले होते. अंगणात दादाची पिकअप, भाच्याची मोटारसायकल आणि कोणा पाहुण्याची कार उभी होती. पिकअप आणि मोटारसायकलचं तोंड रस्त्याकडे, कारचं मात्र घराकडे. आमच्या घरी कोणीच गाडी तोंड घराकडे करून लावत नाही. वैनी लावूच द्यायची नाही. कधी कोणाला दवाखान्यात न्यायचं निघेल, कधी कोणाच्या मदतीला धावावं लागेल, तेव्हा गाडी वळवत बसायला वेळ नसतो, हे तिचं म्हणणं. तो पाहुणा नवखा होता. त्यानं कार सरळ आत घातली होती. दादानं त्याला चहा दिला, पाणी दिलं, चार गोष्टी बोलला आणि मग हळूच म्हणाला, "भाऊ, तेवढी गाडी फिरवून लावता काय? आमच्या घरी चालत नाई."

पाहुणा मुकाट्यानं उठला. दादा मागे उभा राहून त्याला हात दाखवत होता, "येऊ द्या... येऊ द्या... अजून येऊ द्या..."