भाच्यापेक्षा लहान मामा

माझ्या मामाइतका थोरपणा मिरवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, आणि मौज अशी, की हा मामा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता. मी घरभर दुडूदुडू धावायला लागलो, तेव्हा बोरीला आजीच्या घरी पुन्हा पाळणा हलला. आजीचं हे शेंडेफळ बोलायला लागलं तेव्हापासून त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की आपण कुणाचे तरी मामा आहोत. सुट्टीत मी बोरीला पोचलो, की तोंडातली पेपरमिटाची गोळी गालात सारून तो पाय पुढे करी. "पाया पड. आन् अहो मामा म्हण." पोरापोरींचं लुटुपुटूचं लग्न मांडलं, की मला नवरदेव करून स्वतः मागे उभा राही. मंगलाष्टकांच्या वेळी मामानं पाठीशी उभं राहायचं असतं, आणि मला सख्खा मामा हा एवढाच. मला नवरदेव व्हायचं नसायचं, पण विचारतो कोण!

पुढे मी परभणीला कॉलेजात गेलो. बेलबॉटम घालून एसटी स्टँडवर मित्रांत ऐटीत उभं असावं, आणि नेमक्या जिंतूरच्या गाडीतून मामानं उतरावं. लांबूनच पाय पुढे. मी कुरकुरत वाकलो, की मित्रांना ऐकवणार, "भाचा आमचा. लय हुशार न्हाई, पर मन साफ हाय." एवढी इज्जत काढून वर माझ्याच पैशानं भजी खाणार.

हुशारीबद्दलचं त्याचं मत खरंच होतं म्हणा. विशीत त्याचं नाक सारखं चोंदायला लागलं, मधूनच रक्त यायचं, एका कानात दडा बसायचा. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात मुक्काम ठोकून बसलेला शास्त्रज्ञ. मी 'ऊन लागलं' असं निदान करून कांदा हुंगायला दिला. मग मानेवर गाठ आली. गावच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या दिल्या, मी त्यावर गंभीरपणे मान डोलावली. कॅन्सर हा शब्द कुणाच्या मनातसुद्धा आला नाही. तो म्हाताऱ्यांना होतो, तंबाखू खाणाऱ्यांना होतो, एवढंच आम्हाला ठाऊक. मामानं तर सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नव्हतं.

गाठ काही हटेना, तेव्हा मुंबईला न्यायचं ठरलं. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीचे दिवस होते. त्या दिवशी एसटी बंद, म्हणून परभणीपर्यंत ट्रॅक्टरनं आलो आणि मनमाडला गाडी बदलून पुढे गेलो. पेशंटला सांभाळायला म्हणून मी बरोबर. मोठ्या दवाखान्यात मामाच्या गाठीत सुई घातली आणि इकडे मीच धाडकन आडवा झालो. जाग आली तेव्हा मामा वर्तमानपत्रानं मला वारा घालत होता आणि नर्स विचारत होती, "यातला पेशंट कोण?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की नाकाच्या मागे, घशाच्या वर हा कॅन्सर होतो. आपल्याकडे कमी दिसतो, चीनकडे, पूर्वेकडच्या देशांत पुष्कळ; आणि कोवळ्या पोरांनाही सोडत नाही. मी जवळचं स्टूल ओढून बसलो. मामाची छाती मात्र फुगली. "ऐकलंस का, भाचेराव? आपला आजार फॉरेनचा हाय. जिंतूर तालुक्यात कुनापाशी नसंल." थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तिकडं माझ्याएवढी लय पोरं अशी बसली असतील, न्हाई? त्यांच्या बी घरची कामं अडली असतील."

रेडिएशनचे शेक घेऊन तो परतला तो तोंडाची लाळ आटवूनच. भाकरी घशाखाली उतरेना. मग फिरकीच्या झाकणाचा तांब्या कायम काखेत, दर दोन शब्दांना एक घोट. मला झापतानासुद्धा मधे थांबून पाणी पिई आणि राहिलेलं वाक्य पुरं करी. वर्षभर बरं गेलं. माझं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास गाठ परत आली. मामा खंगत चालला. घरातले दबक्या आवाजात म्हणायला लागले, की चुलतमामाला उभं करू. त्यानं ते ऐकलं. "मी जिता असताना दुसरा मामा? कामून? ल्हानपनापासून तेवढ्याच कामाची तयारी करायलोय मी!" डॉक्टरांनाही त्यानं एवढंच सांगितलं, "भाच्याच्या लग्नात मागं उभं राहायचंय, सायब. तेवढं उभं करा." डॉक्टरांनी कबूल काही केलं नाही.

लग्नाला तो आला. फेटा सारखा घसरून कानावर येत होता. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि माझ्या पाठीला त्याचं कपाळ टेकलं. मग दोन्ही हात, मग सगळा भार. कानाशी आवाज आला, "हलू नगंस, भाचेराव. लोकांना कळंल." माझ्या सासरच्या एका आत्याबाईंनी नेमकी त्याच दिवशी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, आणि त्यांचा दम काही संपेना. मी खांबासारखा ताठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वऱ्हाडातली मंडळी म्हणत होती, नवरदेव भारीच हळवा. फोटोत मी पोलीसभरतीला उभा असल्यासारखा दिसतो आणि माझ्या खांद्यामागे एक फेटा दिसतो. सावधान झालं, अक्षता पडल्या, तेव्हा तो धापा टाकत म्हणाला, "पाया पड." मी पडलो. आयुष्यात पहिल्यांदा, न कुरकुरता.

त्या पावसाळ्यात मामा गेला. मला त्याची फार आठवण येते.

अजूनही कुणाच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, की मी मागच्या रांगेत खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होतो. बायको हळूच म्हणते, "अहो, सैल बसा की जरा." पण आत्याबाईंसारखं कुणी तरी अजून गातच असतं, आणि मी हलत नाही.